वळलेल्या बोटांना नवं वळण : लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताचं प्रकरण

१९६४ साली अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर ३६ वर्षांचे होते. वादकाच्या आयुष्यातली ही ऐन भराची वर्षं. हात पुरता तयार झालेला असतो आणि डोकंही पिकलेलं असतं. त्याच सुमारास त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी वाजवताना तळव्याकडे वळायला लागली. बोटं कुठे आपटली नव्हती, सुजली नव्हती, असह्य दुखतही नव्हती. नुसती ऐकत नव्हती. वर्षभराच्या आत दोन हातांनी मैफल करणं अशक्य झालं.

हे प्रकरण पाश्चात्त्य संगीतात शेकडो वेळा सांगून झालंय. बहुतेक वेळा ते चमत्काराच्या साच्यात बसवलं जातं : तीस वर्षांचा वनवास, मग एक इंजेक्शन, मग टाळ्या. तो साचा मला पटत नाही. हात का गेला आणि जेवढा आला तेवढा कसा आला, हे त्यातून कळत नाही.

आधी हा हात कुणाचा होता ते पाहू. फ्लायशर यांचा जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. नवव्या वर्षी ते इटलीत कोमो सरोवराकाठी आर्टुर श्नाबेल यांच्याकडे शिकायला गेले. श्नाबेल स्वतः लेशेटित्स्की यांचे शिष्य, लेशेटित्स्की चेर्नींचे आणि चेर्नी बेटहोवेनचे, म्हणजे घराणं सांगायचं तर थेट तिथपर्यंत पोचणारं. सोळाव्या वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी पिएर माँटे यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला काँचेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत एकट्या वादकाने वाजवायची रचना, वाजवला. १९५२ साली ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, आणि ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन ठरले. पुढे संचालक जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत बेटहोवेन आणि ब्राम्सच्या काँचेर्तोंची त्यांची ध्वनिमुद्रणं झाली, ती आजही नमुना म्हणून ऐकली जातात. १९६५ मध्ये याच ऑर्केस्ट्रासोबत सोव्हिएत संघाचा दौरा ठरला होता. फ्लायशर यांच्याविना ऑर्केस्ट्रा गेला.

बोटं वळायला लागल्यावर फ्लायशर यांनी काय केलं? आणखी सराव केला. कुणीही तेच केलं असतं. आपल्याकडेही तान अडखळली की गुरुजी म्हणतात, 'रियाज वाढव.' अडचण हे कमी मेहनतीचं लक्षण, हे आपण इतकं गृहीत धरलंय की दुसरी शंकाच मनात येत नाही. पण इथे मेहनतच दुखण्याला खतपाणी घालत होती. पुढे फ्लायशर स्वतः हे उघडपणे सांगत आणि तासन्‌तास यांत्रिक सराव करणाऱ्या तरुणांना टोकत.

या दुखण्याला आज फोकल डिस्टोनिया म्हणतात. कारकुनांना होणारा, लिहितानाच बोटं आखडण्याचा जुना विकार याच कुळातला. त्याची खूण म्हणजे तो कामापुरता येतो. तोच हात शर्टाची गुंडी लावतो, चहाचा कप धरतो, कधीकधी टेबलावर तीच बोटं तालात बिनचूक आपटतो. पण पियानोच्या पट्ट्यांना स्पर्श झाला की बोट वळलंच. त्यामुळे वर्षानुवर्षं डॉक्टर याला मनाचा खेळ समजत राहिले. हात तपासला तर सगळं ठीक, एक्स-रे स्वच्छ, पकड मजबूत. मग दोष नसांचा कसा असेल, मंचाची भीती असणार, असं निदान व्हायचं. जर्मनीत हानोफरला संगीतकारांच्या आजारांवर काम करणारी एक संस्था आहे. तिथे काम केलेल्या एकार्ट आल्टेनम्युलर यांच्यासारख्या अभ्यासकांचा अंदाज असा की शंभर व्यावसायिक वादकांमागे एकाला हा विकार होतो. बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि बहुधा तिशीत. फ्लायशर या वर्णनात चपखल बसतात.

बोटं कुठली गेली याकडेही बघायला हवं. पियानोच्या रोमँटिक काळातल्या संगीतात मुख्य सूर बहुतेकदा स्वरसमूहाच्या वरच्या टोकाला असतो, आणि उजव्या हाताच्या वरच्या टोकाला बसतात अनामिका आणि करंगळी. म्हणजे सगळ्यांत दुबळ्या दोन बोटांवर गाण्याची जबाबदारी. त्यातही अनामिका एकटी उचलणं अवघड, कारण तिला वर ओढणारी कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असते. टेबलावर तळवा टेकवून मधलं बोट दुमडा आणि मग अनामिका उचलून पाहा. हे बोट स्वतंत्र करण्याच्या हट्टापायी पियानोच्या वर्गांत दीडशे-दोनशे वर्षं व्यायाम करवले गेले. रॉबर्ट शूमान यांनी १८३० च्या सुमारास असल्याच खटाटोपात आपल्या उजव्या हाताचं नुकसान करून घेतलं, असं सांगतात. नेमकं काय घडलं यावर वाद आहेत, पण वादकाची कारकीर्द संपली आणि आपल्याला संगीतकार मिळाला, एवढं खरं.

आता मेंदूकडे. शरीराचा प्रत्येक भाग मेंदूच्या पृष्ठावर कुठे जाणवतो याचा एक नकाशा असतो, आणि त्यात पाच बोटांच्या पाच जागा ओळीने असतात. सराव केला की त्या जागा वाढतात. वादकांच्या बाबतीत हे मोजून दाखवलं गेलंय. पण दोन बोटं हजारो वेळा, अतिवेगाने, जवळजवळ एकाच क्षणी वापरली गेली की त्यांच्या जागा एकमेकींत मिसळू शकतात. शेजाऱ्यांनी मधली भिंत पाडावी तसं. १९९८ साली जर्मनीत थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी डिस्टोनिया झालेल्या वादकांचे मेंदू चुंबकीय मोजणीने तपासले, तेव्हा बिघडलेल्या हाताच्या बोटांच्या जागा निरोगी वादकांपेक्षा जवळ सरकलेल्या दिसल्या. त्याआधी, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल आणि मायकेल मर्झेनिक यांनी माकडांना एकच पकडीची हालचाल महिनोन्‌महिने करायला लावली होती. काहींचे हात बिघडले आणि नकाशेही. दुसरी गोष्ट लगामाची. एक बोट हलतं तेव्हा मेंदू शेजारच्या बोटांना 'तुम्ही गप्प बसा' असं बजावतो. डिस्टोनियात हा लगाम ढिला पडतो, वळवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात, आणि मालक गोंधळतो.

फ्लायशर यांच्या वेळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. पुढची तीस वर्षं त्यांनी जे जे करून पाहिलं त्याची यादी लांबलचक आहे. औषधं, इंजेक्शनं, मानसोपचार, संमोहन, मालिश. ते स्वतः गंमतीने म्हणत की अरोमाथेरपीपासून झेनपर्यंत सगळी वर्णमाला पालथी घातली. १९८१ मध्ये मनगटाची, कार्पल टनेलची, शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ते आणि पियानोवादक गॅरी ग्राफमन, ज्यांचाही उजवा हात अशाच पद्धतीने गेला होता, आपल्या दुखण्याबद्दल वर्तमानपत्रातून उघड बोलले. वादकाने हात दुखतो म्हणणं म्हणजे काम गमावणं, असा तो जमाना. म्हणून हे बोलणं महत्त्वाचं ठरलं. अमेरिकेत वादकांसाठीचं वैद्यक त्यानंतरच नीट उभं राहिलं.

सप्टेंबर १९८२. बाल्टिमोरच्या नव्या मायरहॉफ सभागृहाचं उद्घाटन. फ्लायशर दोन्ही हातांनी वाजवायला उभे राहणार म्हणून सगळ्या अमेरिकेचं लक्ष तिकडे. आधी बेटहोवेनचा चौथा काँचेर्तो ठरला होता, तो बदलून सेझार फ्रांक यांच्या सिंफॉनिक व्हेरिएशन्सवर गाडी आली. सभागृहाने डोक्यावर घेतलं. फ्लायशर यांना मात्र कळलं होतं की हात बरा झालेला नाही, आपण बोटं लपवून, फिंगरिंग (कुठला सूर कुठल्या बोटाने याची मांडणी) फिरवून वेळ मारून नेली. ते पुन्हा माघारी फिरले. मला या प्रकरणात ही रात्र सगळ्यात शिकवणारी वाटते. श्रोत्यांच्या कानाला न कळणारी चूक वादकाच्या स्नायूंना कळते. आणि अशी प्रत्येक लपवालपवी, म्हणजे एक बोट चुकवायला दुसऱ्यावर भार टाकणं, ही जुन्या खोडीवर चढवलेली नवी खोड असते. ग्राफमन यांच्या हाताचंही असंच घडलं. एका बोटाला इजा झाली, ते वाचवण्यासाठी त्यांनी बोटांची मांडणी बदलली, आणि बिघाड पसरत गेला.

मधल्या काळात फ्लायशर रिकामे बसले नव्हते. १९५९ पासून ते बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शिकवत होते. आधी ते विद्यार्थ्याला बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवत. हात गेल्यावर ती सोय राहिली नाही, मग शब्दांत सांगावं लागलं : वजन कुठून येतं, सुराची दिशा कुठे जाते, हात कधी सोडून द्यायचा. त्यांनी ऑर्केस्ट्राचं संचालन केलं आणि डाव्या हाताचं साहित्य वाजवलं. या साहित्याचा मोठा भाग पाउल विटगेनश्टाइन या व्हिएन्नाच्या वादकामुळे जन्माला आलाय. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, घराणं गडगंज श्रीमंत होतं, आणि त्याने रावेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन, हिंडेमिट अशा सगळ्यांकडून डाव्या हातासाठी रचना करून घेतल्या.

१९९० चं दशक मध्यावर आलं तेव्हा दोन गोष्टी जुळल्या. एक, रॉल्फिंग नावाचं खोल दाबाचं मालिश, ज्याने त्यांचा दगडासारखा घट्ट झालेला बाहू सैल होऊ लागला. दुसरी, बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स. हे द्रव्य नसेतून स्नायूकडे जाणारा रासायनिक निरोप अडवतं. अनामिका आणि करंगळी वळवणारे स्नायू तळव्यात नसून कोपराखाली बाहूत असतात, त्यामुळे सुई तिथे टोचतात आणि नेमका तंतू सापडावा म्हणून विजेचे संकेत ऐकत टोचतात. मात्रा कमी पडली तर बोट वळतच राहतं, जास्त पडली तर शेजारचं बोटही लुळं पडतं. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचायचं. १९९५ मध्ये फ्लायशर यांनी क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत मोझार्टचा एक काँचेर्तो दोन्ही हातांनी वाजवला. २००४ मध्ये दोन हातांच्या वादनाची त्यांची ध्वनिमुद्रिका आली, जिचं नावच 'टू हँड्स'. तिच्यात शूबर्टचा शेवटचा, बी फ्लॅटचा सोनाटा आहे.

आता जिथे रेंगाळायला हवं तिथे येऊ. बोटॉक्स वळणाऱ्या स्नायूची ताकद कमी करतं, पण बोटाला कसं हलावं हे शिकवत नाही. खोड डोक्यात आहे, औषध बाहूत. म्हणून हाताला वळण लावण्याचं काम उरतंच, आणि ते कसं करावं यावर गेल्या तीसेक वर्षांत बऱ्यापैकी विचार झालाय.

कोन्स्टान्झ विद्यापीठात व्हिक्टर कान्डिया आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला सगळ्यांत उद्बोधक वाटतो. त्याचा पहिला अहवाल १९९९ चा आणि विस्तृत २००२ चा. कल्पना साधी होती. बिघडलेलं बोट एकटं बिघडलेलं नसतं, शेजारची बोटं त्याच्या चुकीची भरपाई करत असतात. म्हणून भरपाई करणारं बोट स्प्लिंटमध्ये, म्हणजे हलू न देणाऱ्या आधारात, बांधून टाकायचं. मग बिघडलेल्या बोटाला आधार उरत नाही, त्याला इतर मोकळ्या बोटांसोबत ठरलेल्या क्रमाने एकेक पट्टी दाबावीच लागते. रोज दीड ते अडीच तास देखरेखीखाली, सलग आठ दिवस, पुढे घरी वर्षभर रोज किंवा एक दिवसाआड तासभर. सहा पियानोवादक, दोन गिटारवादक आणि तीन सुषिरवाद्यवाले होते. पियानो आणि गिटारवाल्यांना फायदा झाला, फुंकवाद्यवाल्यांना फारसा नाही. काही जणांच्या मेंदूत बोटांचे नकाशे पुन्हा वेगळे होताना मोजले गेले. प्रयोग लहान होता, पण पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते एवढं त्याने दाखवलं.

जपानमधले हस्तशल्यचिकित्सक नाओताका साकाई यांनी वेगळी वाट धरली. ज्या वेगात बोट वळतं त्याखाली उतरायचं, इतकं खाली की वळणं बंद होईल. त्या वेगात रोज थोडा वेळ वाजवायचं, काही आठवडे, मग वेग किंचित वाढवायचा. वळलं तर पुन्हा खाली. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण ४० वर्षं काँचेर्तो वाजवलेल्या माणसाला बालवर्गाच्या वेगात रोज बसवणं ही मोठी परीक्षा असते. चुकीची हालचाल एकदा झाली की ती आणखी पक्की होते, म्हणून नियम कडक : पहिलं आखडणं दिसलं की थांबायचं. रियाजात आपण 'जमेपर्यंत करत राहा' म्हणतो. इथे 'बिघडायच्या आधी थांब' म्हणायचं असतं.

हानोफरकडे आणखी एक युक्ती वापरतात. वादकाला पातळ रबरी हातमोजा घालून वाजवायला सांगतात. काही जणांचं बोट तेवढ्यानेच सुधारतं, कारण त्वचेला येणारा स्पर्श बदलतो आणि मेंदूला जुना प्रसंग ओळखू येत नाही. पट्टीवर खडबडीत कागद चिकटवणं, बसायची उंची बदलणं, मनगट थोडं वर नेणं, हे त्याच जातीचं. सवयीला फसवायचं असतं. वळण जुन्या संदर्भाला चिकटलेलं असतं, तो संदर्भ हलवला की नव्या वळणाला क्षणभर जागा मिळते.

अमेरिकेत डोरोथी टॉबमन यांनी शिक्षिका म्हणून हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. बोट एकटं उचलून आपटायचं नाही, बोट-तळवा-बाहू एका रेषेत ठेवायचे, बाहूच्या सूक्ष्म फिरण्याने बोटाला पट्टीपर्यंत न्यायचं, ताणून पट्टी गाठायची नाही. ताणामुळे दुखणाऱ्या हातांना या पद्धतीने आराम पडल्याचं शेकडो वादक सांगतात. तिच्या यशाचा पुरावा मुख्यतः शिक्षक आणि शिष्यांच्या साक्षींचा आहे. साक्ष फेकून देऊ नये, पण तिला मोजणीची किंमत देऊ नये. शिवाय ताणाने दुखणारा हात आणि डिस्टोनियाचा हात वेगळे. पहिल्याला विश्रांतीने बरं वाटतं, दुसऱ्याचं बोट महिनाभराच्या सुट्टीनंतर पट्टीवर ठेवताच पुन्हा वळू शकतं. एकाची औषधं दुसऱ्याला लावण्यात वर्षं जातात.

१९६४ चे फ्लायशर आज अशा शिक्षकासमोर आले असते तर? पहिलं काम, बोटं नेमकी कुठे आणि कुठल्या वेगात वळतात याची नोंद. बहुधा एकच स्वररचना, एकच ठरावीक चढण गुन्हेगार निघते. मग दौरा रद्द, तो त्यांच्यापुरता तसाही रद्द झालाच होता. काँचेर्तोचे जुने पाठ काही महिने बंद, कारण त्या स्वरांत जुनी खोड शिवलेली असते. नवं, कधी न वाजवलेलं, साधं साहित्य. छोटी सत्रं. कुठलं बोट भरपाई करतंय ते शोधून त्याला रोखणं. डोळ्यांसमोर आरसा किंवा व्हिडिओ, कारण बोट वळल्याचं हाताला उशिरा कळतं. आणि पदोपदी सांगणं की हे वेड नाही, भीती नाही, आळस तर नाहीच. मला वाटतं, तीस वर्षांऐवजी तीन-चार वर्षांत बरंच काही परत आलं असतं. सगळं आलं असतं असं मात्र मी म्हणणार नाही.

कारण आकडे जपून आशा देतात. हानोफरच्या हान्स-क्रिस्टियान याबुश आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४४ डिस्टोनियाग्रस्त वादकांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५४ टक्क्यांनी बरं वाटल्याचं सांगितलं. बोटॉक्स घेतलेल्यांपैकी ४९ टक्के, शिक्षकाच्या मदतीने पुनर्शिक्षण घेतलेल्यांपैकी ५० टक्के, वाद्याची मांडणी बदललेल्यांपैकी ६३ टक्के. हे सगळं रुग्णांनी स्वतः सांगितलेलं, आणि 'बरं वाटलं' म्हणजे पूर्वीसारखं वाजवू लागले असं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे ती बऱ्याचदा दबते, पण समोरच बसून राहते.

फ्लायशर यांच्याही समोर ती बसून होती. परत आल्यावरही ते आपण बरे झालो असं म्हणत नसत. इंजेक्शनं चालूच राहिली. कार्यक्रमाची निवड बदलली. मोठ्या, गडगडाटी रचना टाळून त्यांनी बाखच्या शांत रूपांतरांवर, शूबर्टवर भर दिला, आणि पत्नी कॅथरीन जेकबसन यांच्यासोबत चार हातांचं वाजवलं. टीकाकार याला प्रौढपणा म्हणाले. प्रौढपणा होताच, पण हे हाताच्या मर्यादेला साजेसं साहित्य निवडणंही होतं, आणि पुनर्शिक्षणाचा तो भाग आहे, हे कुणी फारसं लिहीत नाही. २००७ मध्ये त्यांना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. २ ऑगस्ट २०२० रोजी ९२ व्या वर्षी बाल्टिमोरमध्ये त्यांचं निधन झालं.

२००४ च्या डिसेंबरात, 'टू हँड्स' आली त्याच वर्षी, ते बर्लिनला गेले. हिंडेमिट यांनी १९२३ मध्ये विटगेनश्टाइनसाठी डाव्या हाताची एक रचना लिहिली होती. त्याने ती कधी वाजवली नाही आणि घरात दडवून ठेवली. २००२ मध्ये अमेरिकेत त्याच्या पत्नीच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंत तिची प्रत सापडली. सर सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकसोबत तिचं पहिलं जाहीर वादन फ्लायशर यांनी केलं, उजवा हात मांडीवर ठेवून, जो आता वाजवू शकत होता.